जावयाच्या मानाचा दगडी पाला

नाशिक जिल्ह्यात माझ्याइतका काटेकोर मायक्रोबायोलॉजिस्ट सापडणार नाही, असं मी अगदी परवापर्यंत छातीठोकपणे सांगत असे. आमच्या घरात चहाचा धुतलेला कपही मी पुन्हा विसळून घेतो! बायको, तेजस्विनी, याला रोग म्हणते. मी शिस्त म्हणतो.

तर अशा या शिस्तीच्या माणसाची पीएचडी अडली होती. विषय होता, पारंपरिक औषधी वनस्पतींनी जंतू मरतात का. काम तसं सोपं. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, मधोमध पानाच्या अर्कात बुडवलेली कागदाची चकती ठेवायची, बशी उबेत ठेवून दुसऱ्या दिवशी बघायची. अर्कात दम असला तर चकतीभोवतीचे जंतू मरतात आणि स्वच्छ वर्तुळ पडतं. तुळस, अडुळसा, कडुनिंब यांच्यावर लोकांनी आधीच कपाटं भरून लिहिलंय. मी नवीन म्हणून जे जे आणलं, ते खाऊन माझे जंतू गुबगुबीत होत होते.

आमच्या विभागप्रमुख छाया मॅडमनी शेवटी सांगून टाकलं, "ज्ञानेश, आता एकच झाड. त्यातही काही नाही आलं तर विषय बदलायचा."

विषय बदलायचा म्हणजे पहिल्यापासून सगळं. तेजस्विनी म्हणाली, "म्हणजे तुझ्याआधी आपला बंटी डॉक्टर होणार." बंटी बालवाडीत आहे.

अशात आम्ही देवळ्याला सासुरवाडीला गेलो. सासऱ्यांच्या, म्हणजे खंडेराव मामांच्या बागेत डाळिंबाच्या काट्यानं माझं बोट फाडलं. सासूबाई नवसाबाईंनी बांधावरचा दगडी पाला हातावर चुरगळून जखमेवर दाबला. रक्त थांबलं, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

"मामा, हा पाला मला हवाय. तपासणीला."

"तपासणीला?" मामा गंभीर झाले. "मंग जरा वेळ द्या, जावईबापू. चांगला करून पाठवतो."

हे "चांगला करून" मी ऐकलं आणि सोडून दिलं. माझी शिस्त त्या दिवशी रजेवर होती.

यथावकाश एसटीनं गोणी आली. पानं अशी टवटवीत की जुडी बांधून रविवार कारंजावर विकली असती! मी ती घासून धुतली, अर्क काढला, बशा लावल्या. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं. वर्तुळ कसलं, गोल्फ क्लबचं मैदान पडलं होतं. बशीच्या कडेला चार जंतू जीव मुठीत धरून बसले होते, तेवढेच.

मी कॉलेजच्या ग्रुपवर फोटो टाकला. प्राचार्यांनी शाल आणायला माणूस पाठवला. पेपरात बातमी आली, "देवळ्याच्या पाल्यापुढे जंतू हतबल." मामांनी गावात फ्लेक्स लावला. त्यावर एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मामा आणि मध्ये फ्लेक्सवाल्यानं इंटरनेटवरून उचललेली पालकाची जुडी.

एकट्या छाया मॅडम खूश दिसेनात. त्यांनी कॉलेजच्या कुंपणाजवळचा दगडी पाला उपटून स्वतः बशी लावली. वर्तुळ आलं, पण इतकं बारीक की भिंगाशिवाय दिसेना.

"झाड तेच. मग फरक का?" त्यांनी विचारलं.

"मातीचा गुण, मॅडम," मी बेधडक सांगितलं. "देवळ्याच्या मातीत काहीतरी आहे."

"मग ती माती बघूच."

आम्ही कॉलेजच्या गाडीनं निघालो. चांदवड येईपर्यंत मी मातीवर व्याख्यान दिलं. मॅडम खिडकीबाहेर कांद्याच्या चाळी बघत होत्या.

मामांच्या शेतात पाऊल टाकलं आणि मी जागच्या जागी खिळलो. डाळिंबाच्या बागेशेजारी छान वाफे. वाफ्यांना ठिबकची नळी. भोवती जुन्या साड्यांचं कुंपण. आणि आत, ज्याला जग तण म्हणून खुरपून फेकतं, तो दगडी पाला ओळीनं लावलेला! मधोमध पाठीवर पंप घेऊन मामा फवारत होते.

मी वाफे ओलांडत त्यांच्यापर्यंत पोचलो.

"मामा, हे काय मारताय?"

"तेल्या रोगाचं औषध. डाळिंबाला मारतो तेच," मामा अभिमानानं म्हणाले. "जावयाच्या पाल्याला तेल्या आला तर मी तोंड कुठं दाखवू?"

मॅडमनी बांधावरची रिकामी पुडी उचलली, वाचली आणि माझ्या हातात दिली. "ज्ञानेश, हे अँटिबायोटिक आहे."

ज्या औषधानं जंतू मरतात हे सगळ्या जगाला माहीत आहे, त्याचा शोध मी नव्यानं लावून शाल पांघरून बसलो होतो.

"पण मी पानं धुतली होती," मी रडवेल्या आवाजात म्हटलं.

"धुवा की," मामा म्हणाले. "स्टिकर टाकतो मी औषधात, पानाला चिकटून बसायला. पाऊस पडला तरी निघत नाय."

"मामा, मला तो बांधावरचाच हवा होता. जसाच्या तसा."

आता नवसाबाई पुढे आल्या. "जावयाला बांधावरचं गवत धाडायचं? गाव काय म्हणंल? आमचा डाळिंबाचा माल तपासणीला जातो तवा फळावर एक डाग चालत नाय. अन् ह्यो तर घरच्या माणसाचा."

"पण जंतू मेले ना?" मामांनी विचारलं.

"मेले."

"मंग?"

मॅडम साड्यांच्या कुंपणाआड जाऊन हसत होत्या. मला मात्र फ्लेक्स दिसत होता, शाल दिसत होती आणि एमबीबीएस होऊन आलेला बंटी दिसत होता.

निघताना मी मामांची नजर चुकवून विहिरीमागच्या पडीक बांधावर गेलो. तिथं ना ठिबक पोचतं ना पंप. दगडी पाला खुरटलेला, धुळीनं माखलेला. शर्टाच्या ओच्यात भरून तो चोरासारखा गाडीत टाकला.

बशी उघडली तेव्हा मॅडम शेजारी भिंग घेऊन उभ्या होत्या. वर्तुळ आलं होतं. कॉलेजच्या कुंपणाजवळच्या पाल्याइतकंच बारीक.

"हे खरं आहे," मॅडम म्हणाल्या. "यावर लिही. विषय बदलू नकोस."

मी तिथंच खुर्चीत बसलो. इतक्या लहान वर्तुळानं मला इतका मोठा आनंद कधी झाला नव्हता. शाल परत केली, पेपरला खुलासा पाठवला, आणि मामांना फोन लावला. म्हटलं, माणूस मायेनं राबला, त्यालाही कळू दे.

"मामा, विहिरीमागचा पाला तपासला. काही न मारलेला."

"मंग? मेले का जंतू?"

"थोडे मेले."

मग मामांनी मला समजावलं, बंटीला समजावतात तसं.

"बघा जावईबापू, फवारणी चुकवली की असं व्हतं."