कोकिळेचं विमान सव्वादहाला

वडनेर भोलजीचे जानराव वांगी पिकवत आणि मुलीबद्दल बोलत. त्यांची कोकिळा नागपूरला विमान चालवायला शिकत होती. तिचं पत्र आलं, की गुरुवारी सकाळी नऊला शिकवणाऱ्या साहेबांबरोबर अकोल्याहून विमान घेऊन ती जळगावला निघणार, आणि वाटेत गावावरून जाणार. जळगावची धावपट्टी तेव्हा नवीनच होती.

गावावर किती वाजता येणार, हे मात्र तिनं लिहिलं नव्हतं. जानराव शाळेत वैजनाथ गुरुजींकडे गेले. गुरुजींनी नकाशावर पट्टी ठेवली. अकोला-जळगाव सरळ दीडशे किलोमीटर, विमानाचा वेग ताशी दीडशे, म्हणजे तासाभराचा प्रवास. वडनेर ऐंशी किलोमीटरवर.

"नऊ बत्तीसला डोक्यावर," गुरुजी म्हणाले.

संध्याकाळी पारावर बैठक बसली. सरपंच भगवंतरावांना हे पटेना.

"गुरुजी, अकोल्याहून याले एसटीले तीन घंटे लागते. बाराच्या आत काही ती येत नाही."

"एसटी बाळापूर, खामगाव, नांदुरा करत येते. विमान सरळ येतं."

"तरी बत्तीस मिनिटं लय कमी होते. काही वाढवा."

"अहो, गणित आहे ते."

"मी साडेअकरावर येतो. तुमी बी थोडं सरका."

जानरावांनाही बत्तीस मिनिटं मुलीच्या मोठेपणाला थोडी वाटली. "पोरगी काही घाई करनारी नाही, गुरुजी," ते म्हणाले. अशी ओढाताण होऊन शेवटी सव्वादहा ठरले. तसा फळा लिहिला गेला, नांदुऱ्याचा बँड सांगितला गेला आणि सरपंचांनी भाषण पाठ केलं.

गुरुवारी साडेनऊला बँडवाले चहा पीत होते. सरपंचांच्या एका गालाला साबण होता. जानराव मळ्यातल्या विहिरीवर आंघोळ करत होते. शाळेच्या मैदानात गुरुजी एकटेच घड्याळ धरून उभे होते.

नऊ बत्तीसला घरघर ऐकू आली.

जानरावांनी वर पाहिलं आणि ओल्या पंच्यानिशी वांग्यांतून धावत सुटले. "कोकिळे, थांब ना वं! अजून टाइम हाय!" विमानानं गावावर एक घिरटी घातली, पंख हलवले आणि ते जळगावकडे गेलं.

तरीही सव्वादहाला कार्यक्रम झाला. बँड वाजला. सरपंचांनी रिकाम्या आभाळाकडे हात करून भाषण केलं, आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या. जानराव कोरं धोतर नेसून खाली मान घालून बसले होते. मुलगी आली, आणि बापाचं हे असं ध्यान.

दुपारी पोस्टात जळगावहून फोन आला. मागोमाग निम्मं गाव आलं.

"बाबा, तुम्ही दिसले," कोकिळा म्हणाली.

जानरावांनी लोकांकडे पाठ केली. "साहेबायनं बी पाह्यलं काय?"

"हो. विचारलं, वांग्यांतून पळून राह्यला तो माणूस कोण?"

"मंग? तू काय सांगतलं?"

"माझे वडील म्हटलं. त्यांनीच मंग पंख हलवायला सांगितले."

रिसीव्हर कानाला लावून जानराव ताठ उभे राहिले. बऱ्याच वेळानं पोस्टमास्तर हळूच म्हणाले, "जानरावभाऊ, फोन कधीचाच कटला."

"मले माहीत हाय," जानराव तितक्याच हळू म्हणाले. "पन लोकं पाहून राह्यले ना."