वेंडेलच्या रायफलीला काय आवडतं

नव्या डब्याचं सील शाबूत होतं.

हॅल्वर टोस्ट्रुडने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. सील तरीही शाबूतच होतं. तळघरातल्या फळीवर रायफलच्या बारुदीचा डबा दुकानातून आला तसाच उभा होता. झाकणाखालची चंदेरी चकती डफाच्या कातड्यासारखी ताणलेली. त्याच्या शेजारी पिस्तुलाच्या बारुदीचा डबा होता. तो मात्र उघडलेला होता.

आणि याच आठवड्यात हॅल्वरने इथल्याच टेबलावर बसून वेंडेलसाठी, म्हणजे मेव्हण्यासाठी, काडतुसांची अख्खी पेटी भरली होती.

घरी काडतुसं भरणाऱ्या माणसाला एकच नियम पाळायचा असतो: टेबलावर एका वेळी एकच डबा. रायफलची बारूद सावकाश जळते आणि गोळीला ढकलत नेते. पिस्तुलाची भडकन पेटते. ती चुकून रायफलच्या काडतुसाच्या पुंगळीत गेली, तर गोळी पुढे जायच्या आत बंदूक मागे येते, तीही तुकड्यातुकड्यांनी. आणि बंदुकीच्या मागे नेहमी कोणाचा तरी गाल टेकलेला असतो. या खेपेला तो गाल वेंडेलचा असणार होता.

हॅल्वर आठवायला लागला. रायफलची बारूद म्हणजे बारीक कापलेल्या काड्या, पिस्तुलाची म्हणजे चपट्या टिकल्या. तराजूच्या ताटलीत काड्याच होत्या, हे त्याला स्वच्छ आठवत होतं. पण काड्या तो दर शरद ऋतूत बघत आला होता. या काड्या नेमक्या कोणत्या वर्षीच्या होत्या? जन्मभर जिल्ह्याच्या जमिनी मोजलेला माणूस तो. एवढ्या कुंपणांच्या रेषा आखल्या, पण स्वतःच्या आठवणीची हद्द त्याला कधीच पक्की करता आली नव्हती.

तो धावतच अंगणात गेला. त्याची बायको आर्डिस दोरीवर कपडे वाळत घालत होती.

"आर्डिस, वेंडेल निघाला का गं?"

"सकाळीच गेला. तंबूसुद्धा ठोकून झाला असेल. का रे?"

"त्याला अडवायला पाहिजे. माझ्या काडतुसांत बहुतेक भलतीच बारूद गेलीय."

आर्डिसने काळ्या डब्यातून एक चिमटा काढला आणि उशीच्या अभ्र्याला लावला. "बहुतेक?"

"नक्की नाही सांगता येत."

"तुला कधी आलंय नक्की सांगता? लग्नाच्या दिवशी पायरीवर उभं राहून मला विचारलं होतंस, हेच चर्च ना म्हणून."

"अगं, त्याचा चेहरा जाईल!"

"काही होत नाही वेंडेलला," आर्डिस म्हणाली आणि दुसरा चिमटा काढला. "सूप गरम आहे. जेवून जा."

हॅल्वर तिच्याकडे बघतच राहिला. सख्खा भाऊ! त्याच्यासाठी या बाईला कपड्यांचा चिमटासुद्धा खाली ठेवावासा वाटू नये? त्याने वेंडेलला फोन लावला. डोंगरात फोन लागत नाहीत, हे मोंटाना राज्यातलं शेंबडं पोरही सांगेल. "मी एल्क हरणांच्या मागे आहे," वेंडेलचा भरून ठेवलेला आवाज खुशीत म्हणाला, "तुम्हीही असायला हवं होतं." हॅल्वरने गाडी काढली. शिकारीचा हंगाम उद्या पहाटे उघडणार होता. पण त्याआधी, आज कधीही, वेंडेल नेम तपासायला एखादी गोळी झाडून बघणार होता.

गाडी चालवता चालवता तो सबबी जुळवत होता. थंडी अचानक वाढली, म्हणून काडतुसं परत नेतो. नको. पुंगळ्यांची तोंडं पुन्हा तपासायची आहेत. हेही नको. खरं सांगावं, तर सगळंच संपत होतं. वेंडेलच्या रायफलीला नेमकं काय आवडतं, याचा शोध हॅल्वर वर्षानुवर्षं घेत होता. वेंडेल आपली रायफल कोणाच्या हातात देत नसे, त्यामुळे सगळा शोध वेंडेलच्या बोलण्यावर चालायचा. तो परत आला की सांगायचा, "मधोमध, हॅल्वर! फक्त जराशी उजवीकडे झुकते बघ." मग हॅल्वर हिवाळाभर तळघरात बसून गोळी केसभर आत बसवायचा, बारुदीच्या चार काड्या कमी करायचा. वेंडेलच्या भिंतीवर शिंगं वाढत गेली आणि प्रत्येक शिंगाखाली उभा राहून वेंडेल पाहुण्यांना सांगायचा, "ही हॅल्वरच्या काडतुसाची." हॅल्वरचा गुडघा कामातून गेला होता. तो स्वतः शिकारीला जात नसे. त्याच्या नावावर गावात जमा असलेली चांगली गोष्ट एवढी एकच.

घाटाच्या तोंडाशी पर्लचं दुकान होतं. पेट्रोल, गळ, काडतुसं, कॉफी, सगळं एकाच छपराखाली.

"पर्ल, वेंडेल आला होता?"

"काल आला की. नेहमीचं घेऊन गेला."

"नेहमीचं काय?"

पर्लने त्याच्याकडे पाहिलं, मग मागच्या फळीकडे पाहिलं, आणि एकदम कॉफीच्या यंत्राला फडकं मारायला लागली. "सुकं मांस," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने भर घातली, "आणि मोजे."

पुढे वळणावर गाई होत्या. उन्हाळी कुरणावरून खाली आणलेला अख्खा कळप रस्ता भरून चालला होता, आणि गाईंना कसलीही घाई नव्हती. अशा वेळी गाडी बंद करून बसायचं, घोड्यावरच्या मालकाला दोन बोटं उचलून ओळख द्यायची, भोंगा वाजवायचा नाही, हा या खोऱ्यातला शिष्टाचार. हॅल्वर बसला. एक गाय खिडकीतून त्याच्याकडे बघत रवंथ करत राहिली.

तेवढ्यात वरच्या खिंडीतून बंदुकीचा आवाज आला.

एकच.

हॅल्वर दुसऱ्या आवाजाची वाट बघत राहिला. नेम तपासणारा माणूस एक गोळी झाडून थांबत नाही. दुसरी झाडतो, तिसरी झाडतो. गाय रवंथ करत होती. दुसरा आवाज आलाच नाही.

मग हॅल्वर टोस्ट्रुडने जन्मात पहिल्यांदा गाईंवर भोंगा वाजवला. गाई बिथरल्या, घोडा बिथरला, मालक टोपी सावरत ओरडला, "काय रे टोस्ट्रुड! एवढी घाई आहे तर विमान घे की!" हॅल्वरची गाडी अर्धी चरातून, अर्धी रस्त्यावरून निघून गेली. मागे कळप चारी दिशांना पांगला.

ओढ्याकाठी पांढरा तंबू दिसला. तंबूबाहेरच्या खाटेवर वेंडेल उताणा पडला होता. लाल टोपी तोंडावर, एक हात जमिनीला लागलेला. हलत नव्हता.

"वेंडेल?" हॅल्वर गाडीतून उतरला. "वेंडेल, ऐकतोयस ना?"

टोपी थोडी वर उचलली गेली, पुन्हा खाली बसली, आणि तिच्याखालून लांबलचक घोरणं बाहेर आलं.

रायफल झाडाच्या बुंध्याला टेकून उभी होती. लाकडी टेबलावर पेटी होती, तिच्यावर हॅल्वरच्याच अक्षरात वेंडेलचं नाव. हॅल्वरने विचार केला नाही. पेटी उचलली, ओढ्याच्या डोहापाशी गेला आणि सगळी काडतुसं पाण्यात ओतून दिली. त्या आवाजाने वेंडेल उठून बसला.

"हॅल्वर? तू इथे? आणि ओढ्यात काय टाकलंस रे?"

"तुझी काडतुसं. म्हणजे माझी." जुळवलेल्या सबबींपैकी एकही आठवली नाही. "त्यांत पिस्तुलाची बारूद गेली असेल. सील फोडलेलंच नव्हतं. मी चुकलो, वेंडेल. बहुतेक चुकलो."

वेंडेल घाबरला नाही. त्याने डोहाकडे अशा नजरेने पाहिलं, जणू आत्ताच त्यात कोणीतरी बुडालं होतं. "सगळी टाकलीस?"

"सगळी."

"अरे देवा! चांगली होती की ती!"

"तुला काय माहीत? मघाचा आवाज तुझाच का?"

"हो. एक झाडली. मधोमध लागली. मग झोप आली."

"याच पेटीतली?"

"याच पेटीतली."

"मग तू जिवंत कसा?"

"हा काय प्रश्न झाला, हॅल्वर?"

हॅल्वरचं लक्ष टेबलाखाली गेलं. तिथे रिकामी पुंगळी पडली होती. त्याने ती उचलली, चष्म्याजवळ आणली. त्याच्या पुंगळ्या वर्षानुवर्षं पुन्हापुन्हा भरलेल्या, घासून घासून फिक्या पडलेल्या. ही नवीकोरी होती, नवरीच्या दागिन्यासारखी चमकत होती. बुडावर कारखान्याचा ठसा.

"ही माझी नाही," तो हळूच म्हणाला.

वेंडेल खाटेच्या कडेवर नीट सरकून बसला. टोपी हातात घेतली. "हे बघ, रागावू नकोस. आर्डिसनेच सांगितलं होतं मला. म्हणाली, तो चूल विझवली का ते बघायला अर्ध्या वाटेवरून परत येतो. त्याची काडतुसं घे, छान म्हण, पण झाडू नकोस. आणि दुसऱ्याच्या हातचं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही, हे मला शिकवलं कोणी? तूच ना?"

हॅल्वरनेच शिकवलं होतं.

"म्हणजे ती शिंगं?"

"पर्लच्या दुकानच्या काडतुसांची. तुझ्या पेटीत मी तीच भरतो."

"आणि ते 'जराशी उजवीकडे झुकते'?"

"नुसतं छान म्हटलं असतं तर तुला शंका आली असती."

"त्या उजवीकडेवर माझा अख्खा हिवाळा गेला, वेंडेल."

"कळलं होतं मला. वाईट वाटलं. म्हणून तर पुढच्या वर्षी डावीकडे म्हणालो."

हॅल्वरने पुंगळी टेबलावर ठेवली. मग विचारलं, "माझी कुठे आहेत?"

ती वेंडेलच्या गाडीत होती, एका नव्या लोकरी मोज्यात. हॅल्वरने एक काढलं, पकडीने गोळी उपसली आणि जेवणाच्या पत्र्याच्या ताटलीत बारूद ओतली. दोघंही वाकले.

"काड्या," हॅल्वर म्हणाला.

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"चांगलं." त्याने आणखी एक उघडलं. काड्याच. आणखी एक. काड्याच. "बरोबर भरलीत मी. पण मग सील..."

"खड्ड्यात गेलं तुझं सील! माझी चांगली काडतुसं डोहात, उद्या पहाटे हंगाम, आणि दुकानात जायचं तर रस्त्यावर गाई."

"गाई पांगल्या आहेत," हॅल्वर म्हणाला. "मालक मात्र वळणावर माझी वाट बघत असेल."

दोघांनी मोज्याकडे पाहिलं. मोजा फुगून बसला होता, कोंबडी गिळलेल्या सापासारखा.

"तू भरलीस," वेंडेल म्हणाला, "तूच आधी झाड."

हे रास्तच होतं. खडीच्या जुन्या खाणीत खांबावर वेंडेलने कागदी ताटली ठोकली आणि स्वतः गाडीच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. नंतर त्याने डोकंही खाली घेतलं. हॅल्वरने दुखरा गुडघा टेकवला. इतकी वर्षं जिच्या आवडीनिवडी तो जपत आला होता, ती रायफल पहिल्यांदाच त्याच्या हातात आली होती. त्याने तिच्यावर गाल टेकवला. लाकूड गार होतं. काड्याच होत्या, तो मनाशी म्हणाला. तीन उघडली, तिन्हींत काड्या. चौथ्यात काय आहे, ते कोणी पाहिलंय?

त्याने चाप ओढला.

गाल जागेवर होता. ताटली मात्र कोरी होती. त्याने दुसरी झाडली. कोरी. तिसरी. कोरीच.

"छान!" गाडीमागून वेंडेल सवयीने ओरडला. "फक्त जराशी..." हॅल्वरने वळून पाहिलं तसा तो गप्प झाला.

हॅल्वर लंगडत खांबाकडे गेला. ताटलीच्या वीतभर खाली लाकडात एक भोक होतं. एकच. कडा तीन पाकळ्यांच्या फुलासारखी.

"रायफलीवरची दुर्बीण दुकानच्या गोळीला जुळवलेली आहे," तो म्हणाला. "माझी खाली उतरते. पण उतरते ती..." तो थबकला. "नाही, नक्की नाही. एकच लागली असेल. दोन बाहेर गेल्या असतील."

वेंडेलने सुरी काढली आणि खांब कोरायला घेतला. एक चेपलेली गोळी निघाली. मग तिला चिकटलेली दुसरी. मग तिसरी. त्याने तिन्ही हॅल्वरच्या तळहातावर ठेवल्या.

"इतकी वर्षं मी हे मोज्यात घालून ठेवत होतो?" तो म्हणाला आणि दुर्बीण जुळवायला गेला. उजवं-डावं काहीच फिरवावं लागलं नाही.

हॅल्वर घरी पोचला तेव्हा ऊन कलत होतं. वळणावर गाईंच्या मालकाने त्याला जे सुनावलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. आर्डिस दोरीवरचे कपडे काढत होती, चिमटे काळ्या डब्यात टाकत होती. हॅल्वरने डबा फिरवून बघितला. मागे चिठ्ठी होती: रायफलची बारूद.

"हा कुठला?"

"तुझ्या कचऱ्यातला. रिकामा होता, या आठवड्यातच काडतुसं भरून झाल्यावर टाकलास. चिमट्यांना बरा." तिने एक चादर खांद्यावर घेतली. "ठीक आहे ना वेंडेल?"

"ठीक आहे."

"मी म्हटलं होतं, काही होत नाही त्याला."

"हो." हॅल्वरने तीन चेपलेल्या गोळ्या खिशात चाचपल्या. "उद्यापासून तो माझीच काडतुसं झाडणार आहे. मोजा भरून आहेत."

आर्डिसच्या हातून चिमटा पडला. "तुझी? नीट आहेत ना पण ती?"

हॅल्वरने प्रामाणिकपणे विचार केला. तीन उघडलेली, तीन झाडलेली, सहा नक्की नीट होती. बाकीची कोणी उघडून पाहिली होती?

"बहुतेक," तो म्हणाला.

आर्डिसने चादर त्याच्या हातात कोंबली आणि गाडीची किल्ली मागितली.

"काही होत नाही वेंडेलला," हॅल्वर म्हणाला. "जेवून जा."