पडदे हिरवे की पिवळे?

मंगळवार, सकाळचे अकरा. एका जंगलात, नदीकाठच्या टेकडीवर, कॅन्सर रुग्णालयाच्या सभागृहात ‘रुग्ण सहभाग समिती’ची पहिली बैठक सुरू झाली. रुग्ण प्रतिनिधीची खुर्ची रिकामी होती.

बाळांनो, ती खुर्ची साळूबाईंची. साळूबाई म्हणजे साळिंदर. औषधाने अंगावरचे सगळे काटे गळालेले, त्यामुळे ओळखायला जरा वेळ लागायचा.

त्या होत्या खालच्याच मजल्यावर. सलाइन लावून पडलेल्या. औषध देण्याची वेळ मंगळवारी अकरा. बैठकीची वेळही मंगळवारी अकरा. दोन्ही वेळा एकाच बगळ्याने ठरवल्या होत्या, एकाच टेबलाशी, एका पायावर उभं राहून. बगळा समितीचा सचिव होता.

शेवटी साळूबाई सलाइनची काठी ओढत जिना चढून वर आल्या.

“उशीर झाला, बाई,” बगळा म्हणाला.

“उशीर कसला? अर्धी बाटली खाली संपवली, अर्धी इथे संपवते. बोला.”

अध्यक्ष गवासाहेब मनाने मोठे. अंगानेही. ते म्हणाले, “या, या! यापुढे तुम्हाला विचारल्याशिवाय इथलं पानही हलणार नाही. सांगा, वॉर्डाचे पडदे हिरवे करू की पिवळे?”

“साहेब, औषध चढलं की आम्ही डोळे मिटून पडतो. कुठलेही करा. मला दुसरंच सांगायचंय. रक्त सोमवारी तपासता, औषध मंगळवारी देता. पलीकडच्या काठावरच्यांना दोन दिवस नदी ओलांडावी लागते. इथे मुक्कामाला जागा नाही. आमच्या वॉर्डातले भेकरअण्णा तिकडूनच येतात, ते आता थकलेत. दोन्ही एकाच दिवशी करा ना.”

बगळ्याने कागद वरखाली केले.

“हा विषय पत्रिकेवर नाही,” तो म्हणाला.

“मग घ्या पत्रिकेवर.”

“पत्रिकेवर काय घ्यायचं, हा विषयही पत्रिकेवर नाही.”

संशोधन विभागाची घोरपड तिथेच होती. नव्या औषधाचा अभ्यास तिच्याकडे. ती समजुतीने म्हणाली, “बाई, आमचं लक्ष गाठीवर असतं. गाठ किती कमी झाली, ते आम्ही दर आठवड्याला मोजतो.”

“आणि अण्णांना चरता येतं का, हे कोण मोजतं?”

“त्याला रकाना नाही.”

मग साळूबाईंचा सत्कार झाला. शाल दिली, नारळ दिला. तोंडात फोड आलेल्या रुग्णाला नारळ! फोटो काढताना सलाइनची काठी जरा बाजूला घ्यायला सांगितली. इतिवृत्तात नोंद झाली: ‘रुग्ण प्रतिनिधींनी पडद्यांविषयी कोणतीही हरकत घेतली नाही.’

तुम्ही हसताय. हसा. मीही तेव्हा हसलो होतो.

पुढच्या आठवड्यात नदीला पाणी चढलं. सोमवारी भेकरअण्णा कसेबसे पोहत आले. रक्त दिलं. ते चांगलं निघालं. तिसरा डोस घ्यायला हरकत नव्हती. रक्त घेण्याच्या खोलीत साळूबाई भेटल्या.

“अण्णा, आजच मागून बघा की औषध.”

“मागितलं, साळू. म्हणाले, आज सोमवार आहे.”

“मग?”

“मग काय? सोमवार होताच. वाद कशावर घालणार?”

अण्णा परत गेले. मंगळवारी पाणी आणखी चढलं. अकरा वाजले, बारा वाजले. अण्णा आले नाहीत.

साळूबाई पुन्हा काठी ओढत वर गेल्या. दुसरी बैठक चालू होती. सर्वानुमते पिवळा रंग मंजूर झाला होता.

“भेकरअण्णा आले नाहीत,” त्या म्हणाल्या.

“नोंद घेतली आहे,” घोरपड म्हणाली. तिने वही पुढे केली. वहीत लिहिलं होतं: ‘रुग्णाने स्वेच्छेने उपचार सोडला.’

“स्वेच्छेने? नदीला पूर आलाय, बाई!”

“पुराला रकाना नाही.”

गवासाहेबांना मनापासून वाईट वाटलं. ते म्हणाले, “साळूबाई, रुग्णांचं म्हणणं ऐकायला आपण एक उपसमिती नेमू. सोमवारी बसेल.”

“सोमवारी किती वाजता?”

बगळ्याने कागद पाहिले. “रक्त घेतात, त्या वेळेला.”

वर्षअखेर अहवाल आला. रुग्ण सहभाग: शंभर टक्के. मुखपृष्ठावर साळूबाई, शाल आणि नारळ. मलपृष्ठावर नवे पडदे.

तात्पर्य: बाळांनो, रुग्णाला सगळं विचारावं. फक्त, ज्याचं उत्तर त्याला माहीत आहे असं काही विचारू नये. आणि आजारी पडायचंच असेल, तर ज्या काठावर समिती बसते त्याच काठावर पडावं.

ता. क. मी गेल्या मंगळवारी रुग्णालयात जाऊन आलो. औषधांच्या फळीवर एक बाटली आहे. सील न फोडलेली. चिठ्ठीवर लिहिलंय: ‘भेकरअण्णा, तिसरा डोस’. ती तिथे का राहिली, हे मी गवासाहेबांना विचारलं, घोरपडीला विचारलं, बगळ्याला दोनदा विचारलं. उत्तर अजून आलेलं नाही.