उलटा सिग्नल

हुडको कॉलनीतल्या आमच्या गल्लीत कोणालाही आपली गाडी आपल्या मर्जीनं मागे घेता येत नाही. इंजिनाचा आवाज झाला की शेजारचे मेश्राम काका लाल आणि हिरवी झेंडी घेऊन फाटकाबाहेर हजर! "येऊ दे... येऊ दे... अजून दोन हात... बस! क्लिअर हाय!" साध्या स्कूटीचीही सुटका नाही. एकदा त्यांनी शिट्ट्या मारून मारून भाजीवाल्याचा ठेला मागे घ्यायला लावला. तो बिचारा पुढे निघाला होता.

काका स्टील प्लांटच्या लोको यार्डात शंटर होते. इंजिन वॅगनला जोडताना खाली उभं राहून ड्रायव्हरला झेंडी दाखवायची, हे काम त्यांनी जन्मभर केलं. ते रिटायर झाले, झेंड्या काही झाल्या नाहीत. काकू गेल्यापासून तर बोलायला एकच विषय उरला होता, सव्वीस नंबरचं इंजिन. ते भंगारात न जाता कोलकात्याच्या नव्या वाहतूक म्युझियममध्ये गेलं, हे कळल्यावर आमच्या कॉलनीच्या सहलीत पहिलं नाव त्यांचं.

"मले पाहून हॉर्न देते का नाही, पाहा तुम्ही!" असं त्यांनी सहा महिने ऐकवलं.

कोलकात्यातल्या शेवटच्या दिवशी हातात फक्त दुपार होती. संध्याकाळी परतीची गाडी. एक तर म्युझियम, नाहीतर जुनं कॅथेड्रल. सहलीचा पुढारी मीच, म्हणून बसमध्ये हात वर करायला लावले. अकराला अकरा. आई म्हणाली, "मले काय, कुठंबी चालते." राहिले काका. त्यांच्याच भरवशावर मी म्युझियमला हात वर केला होता.

काकांनी एकदा माझ्या आईकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि म्हणाले, "मोठं चर्च पाहू."

मी भडकलो. भर बसमध्ये ओरडलो, "काका, यार्डातबी असेच उलटे सिग्नल देत होते काय?"

सगळे हसले. काकांनी झेंड्या गुंडाळून पिशवीत ठेवल्या. माझं एवढ्यानं भागलं नाही. काकांचा मोबाईल बटणांचा, ते कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाहीत, म्हणून तिथंही टाकलं, 'उलटा सिग्नल मेश्राम'.

कॅथेड्रलमध्ये रंगीत काचांचे भरपूर फोटो काढून झाल्यावर मला आईची आठवण झाली. शोधत गेलो तर एका बाकापाशी काका दोन्ही हात हलवत कुजबुजत होते, "येऊ द्या वहिनी, येऊ द्या... अजून दोन बोटं... बस. क्लिअर हाय." आई टेकली आणि तिनं चपला काढल्या. पाय टम्म सुजले होते. चपलेचा पट्टा कातडीत रुतला होता.

"आई, सांगितलं कावून नाही?"

"तू फोटो काढून राहिला होता ना बाबू."

काका म्हणाले, "म्युझियमात दोन घंटे चालाच लागते, बसाले जागा नाही. मी सकाळीच फोन करून विचारलं. तुह्या काकूचे पाय असेच सुजत होते. माही नजर सदा रुळावर, तिच्या पायाकडं कधी पाहिलंच नाही."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. यार्डात चुकीचा सिग्नल म्हणजे कोणाचा तरी हात नाहीतर पाय, हे काकांनीच मला लहानपणी सांगितलं होतं. आणि मी त्यांना तेच म्हणालो होतो. खिशात मोबाईल सारखा थरथरत होता, माझ्या विनोदाला हसणाऱ्यांचे मेसेज. मी तो विनोद पुसून टाकला, पण तोवर सगळ्यांनी वाचला होता. माफी मात्र मागितली नाही.

"काय म्हणते ग्रुप?" काकांनी विचारलं.

"काही नाही."

"तुह्या मोबाईलवर सव्वीस नंबर दिसन का रे?"

म्युझियमचे फोटो शोधून मी मोबाईल त्यांच्यासमोर धरला. काकांनी तळहात वर केला. "थोडं मागं घे... अजून... बस."

मी 'क्लिअर हाय' ऐकायला थांबलो. काका चष्मा काढून पुसत होते.