साहूबाबूंची उडिया कविता

आमच्या जालन्याच्या सळयांच्या कारखान्यात ट्रकचं वजन झालं, की साहूबाबू ड्रायव्हरला आधी एक कविता ऐकवतात, मग पावती देतात. कविता उडिया, ड्रायव्हर टेंभुर्णीचा. पण पोरांसाठी लिहिणाऱ्या थोर कवीला असल्या किरकोळ अडचणी दिसत नाहीत.

"कशी वाटला?"

"एकदम बराबर! पावती द्या जल्दी."

"रसिक आदमी," साहूबाबू मला सांगतात.

मी शेजारच्या टेबलावर बसतो, म्हणजे बारा वर्षं उडिया साहित्याची सेवाच करतोय. तिकडे ओडिशात त्यांची तीन पुस्तकं निघालीत. मुंगी, बेडूक, हत्ती अशा मान्यवरांवर. एकदा ते बेडकाचा आवाज काढत असताना मालक आत आले. मालकांनी उभ्यानं अख्खा बेडूक ऐकला. माझा रजेचा अर्ज ते अर्धासुद्धा वाचत नाहीत.

भट्टीवर साहूबाबूंच्या मुलखातली काही कुटुंबं आहेत. त्यांच्या पोरांना कविता ऐकवायची, हे बाबू वर्षानुवर्षं नुसतं ठरवत होते. समजणाऱ्या श्रोत्याची धास्ती असावी. अखेर एका रविवारी मला सोबत घेऊन, इस्त्रीचा सदरा घालून निघाले.

खोल्यांसमोर आठ-दहा पोरं बसली. बाबूंनी वही उघडून हत्तीची कविता सुरू केली. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी एक चिमुरडी म्हणाली, "काका, मराठीत सांगा ना. आम्हाला समजून न्हाई राह्यलं."

तिची आई ओशाळली. "इधर ही पैदा हुई, बाबू. घर में भी मराठी बोलती है."

बाबूंनी वही मिटली. मला एक झकास टोमणा सुचला होता. त्यांचा चेहरा बघितला आणि गिळला.

मग त्यांनी मला हळूच विचारलं, "हाथी का बच्चा... मराठीत काय म्हणते?"

"पिल्लू."

वही उघडून त्यांनी ते गोल गोल उडिया अक्षरांत लिहून घेतलं. "और सूंड?"

"सोंड!" पोरं एकदम ओरडली.

तो हत्ती मराठीत आणायला आम्हा सगळ्यांना दोन तास लागले. पोरांनी तो नाचत म्हणून दाखवला. बाबूही नाचले.

परतताना रिक्षात त्यांनी वही मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "असली, उडियातली कविता इथं आता मला एकट्यालाच म्हणायची."

मी म्हटलं, "म्हणा."

बाहेर बघत, अगदी हळू आवाजात, त्यांनी ती सगळी म्हटली.