मोजणीच्या पेटीतल्या वाती

मोजण्यात माझा हात धरणारं नगरमध्ये कुणी नाही! गर्वाने नाही सांगत, देवाची कृपा म्हणून सांगते. शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या मुलांसाठी आम्ही साहित्य विकतो. हे पुस्तकं छापून आणतात, सून धनश्री मोबाईलवर ऑर्डरी घेते आणि मी 'मोजणी पेटी' भरते. आत चिंचोके, झाकणावर माझ्या अक्षरात 'एक हजार'. म्हणजे एक हजारच!

गेल्या श्रावणात मी लक्षवातींचा नेम धरला. लाख वाती हाताने वळायच्या आणि उद्यापनाला देवापुढे लावायच्या. ठेवायला दुकानातल्याच रिकाम्या पेट्या घेतल्या. पेटी भरली की झाकणावर 'एक हजार'. अशा शंभर पेट्या झाल्या, उद्यापन दुसऱ्या दिवसावर आलं. शंभरावी पेटी टेकवली कुठे? जायच्या मालाशेजारी!

सकाळी टेम्पोवाला बजरंग आला आणि नेमकी तीच उचलली.

"काकू, आज पेटी लई हलकी हाय!"

माझा दुसरा नेम मौनाचा. रोज बाराच्या आरतीपर्यंत तोंडातून शब्द नाही. मी मांडीवर हात घासून वात वळून दाखवली.

"खाज येतेय का गं? मलम आणू?" हे म्हणाले.

"नाही हो बाबा, आईंचा गुडघा दुखतोय," धनश्री म्हणाली.

मी विक्रीतली पाटी ओढली आणि 'वाती' असं लिहून यांच्यापुढे धरली. यांनी चष्मा लावून पाटी उलटसुलट केली.

"वा! या पाटीवर पेन्सिल छान उठते. पन्नास मागवू."

शेवटी मी दोन्ही हात वर करून दारात उभी राहिले. बजरंगने वाकून नमस्कार केला.

"आशीर्वाद दिला काकूंनी! आता राहुरीपत्तूर टायर पंक्चर व्हायचं न्हाई!"

आणि गेला की!

आरती इतक्या घाईने मी जन्मात म्हटली नव्हती. देव क्षमा करो. लगेच राहुरीच्या सविताताईंना फोन लावला, त्यांच्याच ऑर्डरीत पेटी गेली होती.

"काकू, काय सुंदर कल्पना!" त्याच सुरू झाल्या. "चिंचोक्यांना हात न लावणारी आमची अनन्या दोन तास कापूस मोजत बसलीय!"

"ताई, तो माझा नेम आहे हो! उद्या उद्यापन! लाख भरायला हव्यात!"

तेवढ्यात सात वर्षांच्या अनन्याने फोन घेतला. "आजी, नऊशे चौऱ्याण्णवच आहेत. सहा कमी."

"बाळ, तुझं चुकलं असेल."

"मी तीनदा मोजल्या. दहा-दहाचे ढीग करून. तुमच्याच पुस्तकात दिलंय."

एका पेटीत सहा कमी, तर उरलेल्या नव्याण्णवांत? गुरुजींना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "संख्या पुरी झाल्याशिवाय उद्यापन नाही. पुढच्या सोमवारी करू."

दुसऱ्या दिवशी बजरंगच्या टेम्पोतून मायलेकी पेटीसह हजर! अनन्याने सोमवारपर्यंत ओटीवर ठाण मांडलं. ही मोजतेय, हे ढीग लावताहेत, धनश्री लिहून घेतेय आणि मी मौनात कमी पडलेल्या वाती वळतेय. कुठे पाच कमी, कुठे आठ. एका पेटीत तर चक्क अकरा! बारानंतरही मी फारसं बोलले नाही.

पण घर कसं भरून गेलं! सोमवारी लाख वाती लागल्या, त्याही मोजून. अनन्याला पहिली वात लावायचा मान दिला. प्रसाद खाताखाता तिची नजर कोपऱ्यातल्या चिंचोक्यांच्या पेट्यांकडे गेली.

"आजी, त्या मोजू?"

मी घाईघाईने तिच्या हातावर दुसरा लाडू ठेवला.