दौलतमामांची सावड

दौलतमामा दुसऱ्याची टोपली संपल्याशिवाय स्वतःच्या टोपलीला हात लावत नाहीत.

टोपली म्हणजे गोल्फच्या पन्नास चेंडूंची. आमच्या नाशिकला शहराबाहेर एक ड्रायव्हिंग रेंज आहे. एका कडेला हिरव्या चटया, समोर मोकळं मैदान आणि त्यात शंभर, दीडशे, दोनशे मीटरच्या पाट्या. चटईवर उभं राहायचं आणि पन्नासच्या पन्नास चेंडू लांब घालवायचे. हे मी आईला समजावून सांगितलं, तेव्हा तिने फक्त एवढंच विचारलं, "आणि आणायला कोण जातं?"

मी तिथे का गेलो ते सरळ सांगतो. मी सायखेड्याचा, बी.कॉम., आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. अंबडच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात आहे. बढत्या मीटिंगमध्ये ठरत नाहीत, गोल्फच्या मैदानावर ठरतात, हे कळायला मला दहा वर्षं लागली. कॉलेजात हा विषय नव्हता. कळलं त्याच आठवड्यात मी रेंजवर नाव नोंदवलं.

पहिल्या दिवशी मी दहा मिनिटांत तीस चेंडू बडवले. मागून आवाज आला, "ट्रॅक्टर खाली करताय का?"

वळून पाहिलं. प्लास्टिकच्या स्टुलावर सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. पांढरा पायजमा, पांढरी टोपी आणि पायात माझ्या बुटांपेक्षा भारी गोल्फचे बूट.

"आपण कोण?"

"मी दौलत. तुमची पाठ बघतोय. उजवा खांदा आधीच पळतो, चेंडू बिचारा मागं राहतो. शिक्षण काय झालं?"

"बी.कॉम."

"मग समजंल तुम्हाला. पन्नास चेंडू मारायचे नसतात. एकच चेंडू पन्नास वेळा मारायचा असतो."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'बी.कॉम.' झालो. मला ते आवडायचंही. तीन वर्षं घासून मिळवलेली पदवी कोणीतरी रोज हाक मारून वापरत होतं.

मामांचे नियम कडक. प्रत्येक चेंडूनंतर काठी खाली ठेवायची, चार पावलं मागे यायचं, कुठल्या पाटीकडे मारणार ते मोठ्याने सांगायचं आणि मगच पुन्हा उभं राहायचं. "नुसतं 'तिकडं' म्हणू नका. तिकडं तर ढोरं बी जातात." दर पाच चेंडूंनी काठी बदलायला लावायचे. रेंजवरचे एक डॉक्टर परदेशी यंत्र लावून स्वतःच्या फटक्याचा वेग मोजत. मामा त्यांना म्हणाले, "डॉक्टर, ताप मोजून उतरतो का?" डॉक्टरांनी यंत्र बंद केलं नाही, पण 'बघा' म्हणून मामांकडे पाठ मात्र केली.

मामांचा मखमलाबादकडे फुलांचा मळा होता. तिकडे सावड चालते. आज तुम्ही आमच्या शेवंतीच्या तोडणीला या, उद्या आम्ही तुमच्या. कोणी लिहून ठेवत नाही आणि कोणी विसरत नाही. मामांनी ही पद्धत जशीच्या तशी गोल्फमध्ये आणली. आधी तुमची टोपली मी बघतो, मग माझी तुम्ही बघा.

रेंजवरच्या शिकल्यासवरल्या लोकांना पद्धतीचा पहिला अर्धा भाग फार पटला. टोपली संपली की डॉक्टरांना पेशंट आठवत. मी म्हणायचो, "मामा, उद्या नक्की." मामा म्हणायचे, "असू द्या बी.कॉम. सावड कुठं पळून जाती?"

सहा महिन्यांत माझे फटके सरळ जाऊ लागले. इतके की रेंजवर अधूनमधून येणाऱ्या आमच्या कारखान्यातल्या साहेबांचं लक्ष गेलं.

मग रेंजवर येत्या रविवारच्या जोड्यांच्या स्पर्धेची सूचना लागली. मामांनी आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी बुटाची नाडी बांधत, वर न बघता म्हणाले, "आपली जोडी लावू या का?" मी हो म्हणालो. दोन दिवसांनी साहेब म्हणाले, "गायकवाड, रविवारी माझ्याबरोबर." मी त्यांनाही हो म्हणालो. शनिवारी मामांना सांगायला गेलो, तेव्हा कारणांची यादी पाठ करून गेलो होतो. मामांनी पहिल्या कारणालाच थांबवलं.

"साहेबाला नाय म्हणू नये. त्यांचा खांदा कसा हाय?"

रविवारी आमचा दुसरा नंबर आला. मामा सगळा वेळ आमच्या मागे स्टुलावर बसून होते. साहेबांनी विचारलं, "हे कोण?"

मी म्हणालो, "असेच येतात इथे."

मामा चार पावलांवर होते. त्यांचे कान उत्तम आहेत.

बक्षिसं झाली, मंडळी चहाकडे गेली. मामा शेवटच्या चटईवर एकटे उभे होते. टोपली काठोकाठ भरलेली.

मी जवळ जाऊन म्हणालो, "मारा ना मामा."

"बघणारं कुणी नाय." राग नव्हता, आज नळाला पाणी आलं नाही असं सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाले, "मळ्यात मी पुढच्या सरीला, धाकटा भाऊ मागच्या. चाळीस वर्षं. माझं चुकायचं ते त्यालाच दिसायचं. जमीन बिल्डरला दिली, दोघांना एकाच बिल्डिंगीत फ्लॅट मिळाले. वाटणीवरून बोलणं गेलं. तो ए विंगला, मी बी विंगला. लिफ्ट बी वेगळी."

तेवढ्यात चहाच्या टेबलाकडून साहेबांची हाक आली, "गायकवाड, फोटो!"

फोटोत प्लांटचे दोन मोठे अधिकारी होते, हे मला इथूनही दिसत होतं. मी स्टूल ओढून मामांच्या मागे बसलो आणि ओरडून सांगितलं, "पन्नास चेंडू आहेत सर. वेळ लागेल."

मामांनी पाटी सांगितली, काठी उचलली, फटका मारला. चेंडू वीस-पंचवीस मीटर जमिनीवरून सरपटत गेला. रेंजभर सगळ्यांना शिकवणारा माणूस निकाल बघायला आलेल्या पोरासारखा माझ्याकडे वळला.

"बोला की."

"टाचा उचलताय, मामा."

"कवापासून?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "आजच बघतोय."

मामांनी मान हलवली. पुढचा चेंडू ठेवायला त्यांनी बराच वेळ लावला.